उंबऱ्याबाहेरचे बूट

६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. पोचल्या पोचल्या पत्र टाकीन म्हणालो होतो. पण आमच्या लिफ्ट कंपनीत ‘पोचतोच आहोत’ म्हटल्यावर माणूस किती दिवसांनी उगवतो, हे तुला ठाऊक आहेच.

काम नेहमीचंच. एका जुन्या इमारतीत नवी लिफ्ट बसवायची, इथल्या कारागिरांना तिची देखभाल शिकवायची आणि ऑगस्टात गाशा गुंडाळायचा. मी बोलतो ते त्यांना कळत नाही, ते बोलतात ते मला कळत नाही. त्यामुळे अजून आमचा एकदाही वाद झालेला नाही.

खरी मजा काम सुटल्यावर. मी चालतो. कुठे ते विचारू नकोस, कारण कुठेच नाही. नकाशा नाही, कुणाला भेटायचं नाही, काही आणायचं नाही. दार ओढून घ्यायचं आणि सुटायचं. गल्लीत चादरी वाळत घातलेल्या दिसल्या की वळायचं. खिडकीत मांजर झोपलेलं दिसलं की थांबायचं, आणि ते उठून गेलं की आपणही निघायचं. काल एका दुकानाच्या काचेसमोर कितीतरी वेळ उभा होतो. आत नुसत्या दाराच्या मुठी होत्या, पितळी, काचेच्या, चिनी मातीच्या. एवढ्या मुठी आणि दार एकही नाही! बढती मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. जन्मभर लोकांना वरखाली केलं, आता स्वतःला आडवंतिडवं करून बघतो आहे. आणि परक्या गावातलं सगळ्यात मोठं सुख म्हणजे आपली कुणी वाट बघत नसतं. तुझ्या गल्लीत मी टपालपेटीपर्यंत गेलो तरी चार जण विचारतात, काय, कुठे दौरा?

भावोजी संध्याकाळी फिरायला निघतात तेव्हा कोर्टाची नोटीस बजावायला चालल्यासारखा चेहरा करतात. त्यांना सांग, माझ्या फिरण्याला डॉक्टरांचा पाठिंबा नाही, म्हणूनच ते लाभतंय.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. मी आयुष्यभर लांबवलेल्या दुरुस्त्यांचा सूड असावा. इथे सगळे बुटांसकट घरात शिरतात. मी उंबऱ्याबाहेर बूट काढतो तेव्हा घरमालकीण खुणेनं विचारते, ओले झाले का? मी मान हलवतो. आई रागावेल, हे खुणेनं कसं सांगायचं? आणि आई आता नाही, हे त्याहून कसं सांगायचं?

कळावे. लोभाचा दरवाजा लोटून घ्यावा, कडी लावू नये.

तुझा भाऊ

२१ फेब्रुवारी

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. हे मोठ्यानं वाचून दाखवत होते. नोटिशीपर्यंत आले आणि एकदम मनातल्या मनात वाचू लागले. मग बराच वेळ पेपर धरून बसले, तोही उलटा. तुझ्या पायाला भिंगरी आहे म्हणून लहानपणी तुला हे नाव ठेवलं, ते पन्नाशीतही शोभतंय, म्हणजे कमाल आहे.

माझं शिवण चालू आहे. शेजारच्या मुलीचे चार ब्लाउज आलेत. मापं घेताना पोट आत ओढते आणि शिवून झाल्यावर घट्ट झाले म्हणून भांडते. मशीन खिडकीशी, म्हणजे दाराकडे माझी पाठ. कोण आलं ते मी पावलावरून ओळखते, मान वळवायला मला वेळ नसतो. हे आले की जिना तक्रार करतो. आणि तुझं पाऊल म्हणजे, लिफ्टच्या शाफ्टमध्ये पडलास तेव्हापासून, एक पाऊल आणि एक ओढ. डावा पाय जरासा मागून येतो. खालच्या पायरीवर असतोस तेव्हाच मी तुझा चहा टाकते. हल्ली ते पाऊल ऐकू येत नाही, तर माझा दोराच सारखा तुटतो.

बूट बाहेर काढतोस ते ठीक आहे, आईचं ऐकतोस. पण जरा पायांकडे बघून घालत जा. पंगतीला जाऊन दुसऱ्याच्या चपला घालून येणारे पुष्कळ असतात. घरी आल्यावर आठवडाभर त्याच वापरून ‘ताई, हल्ली या फार छान बसतात’ म्हणणारा तू एकटाच.

वरची खोली झाडून ठेवली आहे. एकच सांगते, गेलास तसा ये. परदेशात जाऊन लोक सुधारून येतात, तसलं काही करू नकोस. मला भांडायला दुसरं कुणी नाही, हे तर दोन वाक्यांत शरण येतात.

तब्येतीस जपावे. आमची आठवण खिशात असू द्यावी.

तुझी ताई

१४ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी जीभ काळी आहे. बूट बदलले.

झालं असं की रविवारी ऊन बघून मला दम निघेना. दाराबाहेर आलो, पाय खुपसले, नाड्या बांधल्या आणि सुटलो. तिसऱ्या की चौथ्या गल्लीत लक्षात आलं की आज बूट चावत नाहीयेत. खाली बघितलं तर तसेच काळे, तसेच नाडीचे, पण माझे नव्हेत. परत येईतो दाराबाहेरून माझे बूट नाहीसे झालेले. घरमालकिणीला दाखवले तर तिनं समोरच्या बंद दाराकडे बोट केलं. खुणांनी कळलं ते असं. तिथे एक बुकबाइंडर काम करत असे. एक दिवस जरा चालून येतो म्हणाला, तो आलाच नाही. त्याचे बूट तिनं सकाळीच आवरताना बाहेर काढून ठेवले होते, कुणा गरजूनं न्यावेत म्हणून. म्हणजे गरजू मी ठरलो. माझ्या बुटांचं काय झालं, ते तिलाही माहीत नाही.

तेव्हापासून हेच घालतोय. काय सांगू ताई, पाय जणू पाहुणे म्हणून बसलेत! मऊ, आतून घासून गुळगुळीत झालेले. एक मात्र गमतीचं होतंय. परवा मी उजवीकडे वळणार होतो, तिकडे एक कारंजं दिसत होतं, आणि वळलो डावीकडे. एका बेकरीत शिरलो. काउंटरवरच्या बाईनं काही न विचारता अर्धा पाव कागदात गुंडाळून पुढे केला आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे बघायची गरज नसते, तसं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, माझ्या चेहऱ्याला जागतिक मान्यता आहे. पाव घेऊन चालत राहिलो तो एका निळ्या दाराशी येऊन थांबलो. काल वेगळ्या रस्त्यानं निघालो होतो, अगदी उलट दिशेनं, तर तेच निळं दार. आजही तेच. गाव लहान असावं.

भावोजींना नमस्कार, नोटिशीसह. लोभ सैल सोडावा, तुटू देऊ नये.

तुझा भाऊ

३० मार्च

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हसायला आलं आणि अर्ध्यात थांबलं. ते बूट आधी जिथून उचललेस तिथे ठेव आणि नवे घे. गेलेल्या माणसाचे म्हणत नाही मी, कोण कुठे असेल कुणास ठाऊक. पण परत न आलेल्या माणसाच्या बुटांत पाय घालून फिरायला जायचं, हे तुलाच सुचू शकतं.

आणि गाव लहान नाही रे. पहिल्या पत्रात तुझ्या चालण्याला ठिकाण नव्हतं. या पत्रात रोज एकच दार. ब्लाउज बेतताना कापड कुठल्याही बाजूनं धरलं तरी कात्री एकाच रेघेवर यायला लागली, तर मी कात्री टाकून आधी खडूची रेघ बघते. तुझी रेघ कुणी आखली आहे ते बघ. त्या दाराच्या आत जाऊ नकोस. यांना सांगितलं तर म्हणाले, चांगलं आहे, निदान नियमित तरी फिरतोय.

नवे बूट घेतल्याचं कळव. तोवर मी रागावलेली समजावी, लोभ मात्र रागाच्या खाली शाबूत आहे.

तुझी ताई

१८ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, क्षमस्व. नवे बूट घेतले होते. दोन दिवस वापरले. टाचांना फोड आले, ते सोसलं असतं. पण प्रत्येक कोपऱ्यावर कुठे वळायचं ते आपणच ठरवायचं, हे आता जमेना. नको वाटतं. ते बूट बेकरीच्या बाईला देऊन टाकले.

निळ्या दाराच्या आत गेलो. दार उघडंच असतं. तिथे एक बाई खिडकीशी काही विणत बसलेली असते, दाराकडे पाठ करून. मी आत पाऊल टाकलं, तर मागे न बघता तिनं शेजारची खुर्ची ओढली. ती त्या बुकबाइंडरची बहीण असावी. मी कुणी दुसरा आहे, हे सांगायला तोंड उघडलं, पण कोट टांगायची खुंटी कुठे आहे ते मला माहीत होतं, त्यामुळे आधी कोट टांगला. मग सांगायचं राहून गेलं. आता रोज जातो. ती वळून बघत नाही. तिला गरज नसावी. तिथे एक शेगडी आहे, तिच्यावर सरस गरम करतो. पुस्तकांची शिवण बघून घेतो. बरं वाटतं.

डावा पाय आता ओढत नाही. हे तुला ऐकून आनंद होईल.

एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात बाजाराच्या रस्त्यावर माझ्या पुढे एक माणूस चालला होता. एक पाऊल आणि एक ओढ. पायांत माझे बूट. मुठींच्या दुकानासमोर तो कितीतरी वेळ उभा राहिला. मग एक मांजर दिसलं तेव्हा थांबला, ते गेल्यावर निघाला. पाठमोराच होता, पण खूप मजेत असावा. मी त्याला गाठायला निघालो, पण पाय निळ्या दाराकडे वळले.

लिफ्टचं काम मुदतीच्या आधी संपवलं आहे. कंपनीत असं पूर्वी घडलेलं नाही. जूनमध्ये तुमच्याकडे येईन. आपल्या जिन्याला वळण आहे का, असल्यास कुठल्या हाताला, ते कृपया कळवणे.

आपला
भाऊ

२७ जून

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुझ्या तिथल्या पत्त्यावर धाडते आहे. यांना कळलं तर मला डॉक्टरकडे नेतील, कारण तू वरच्या खोलीत आहेस.

तुझं पत्र मिळालं तेव्हाच लिहायला बसले होते, की त्या माणसाला गाठ, आपले बूट पायात असल्याशिवाय निघू नकोस. ते पुरं व्हायच्या आत दारात टॅक्सी. मी मशीनवर होते. जिन्यावर पावलं वाजली, सारखी, एकामागोमाग एक. मला वाटलं मीटर बघायला आलेत. पावलं माझ्या मागे येऊन थांबली तरी मी शिवत राहिले. मग त्यानं ताई म्हणून हाक मारली, तुझ्याच आवाजात. सुई बोटात गेली. वळून बघितलं तर तुझाच चेहरा, कपाळावर तोच व्रण. आणि पायांत बूट, माझ्या घरात, थेट मशीनपर्यंत. मी काही म्हणायच्या आत त्यानं ते आपल्या खाटेखाली नेऊन ठेवले.

सगळे खूश आहेत. हे म्हणतात परदेशानं माणूस केला. सकाळी अंथरूण घडी घालून ठेवतो. यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो, मध्ये कोटी करत नाही. यांची फाटकी पुस्तकं उसवून नव्यानं बांधून दिली, पुठ्ठ्याचे कोपरे असे नीट की यांनी शेजारी नेऊन दाखवले. वरून सरसाचा वास खाली येतो. गल्लीत विचारलं तर सरळ सांगतो कुठे चाललाय ते, आणि खरंच तिथेच जातो. मी दोनदा मुद्दाम खोडी काढून बघितली. तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे. मी पदर तोंडाशी धरून आत गेले.

रोज संध्याकाळी तो बूट घालतो, गल्लीच्या तोंडाशी येतो आणि उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो. मग परत येतो.

तुला सांगितलं होतं ना, गेलास तसा ये. तू कुठे आहेस? पत्र मिळालं तर दोन ओळी टाक. आशीर्वाद सगळे तुझ्याच नावानं ठेवले आहेत, वरच्या खोलीतल्याला एकही दिलेला नाही.

तुझी ताई

२० जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद नव्हता म्हणून तुझ्याच पत्राच्या पाठीवर लिहितोय. चालता चालता जुन्या इमारतीवरून गेलो, जिन्याखालच्या पेटीतून तुझं अक्षर डोकावत होतं. पायरीवर बसून वाचलं. घरमालकीण शेजारून वर गेली. माझ्याकडे बघितलं नाही. हल्ली कुणीच बघत नाही, एखादं मांजर मान वर करतं तेवढंच.

काय झालं ते मी असं समजतो. बूट बदलले त्या दिवशी मी दोन झालो, एक कामाचा आणि एक बिनकामाचा. कामाचा दुसऱ्याच्या बुटांत अडकला, तो तुझ्याकडे आला. बिनकामाचा आपले बूट घालून बाहेर पडला तो अजून चालतोच आहे. सगळ्यांना कामाचाच बरा वाटला, यात मला नवल वाटत नाही. भावोजींना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं, त्यांची निवड पहिल्यापासून तशीच आहे.

पहिले काही दिवस तर स्वर्ग होता, ताई. भूक नाही, थकवा नाही, कोपरा आला की नवं काहीतरी. पण घरी यायचं मनात आणलं की पाऊल उचलत नाही. बंदरापर्यंत जायचं ठरवलं, तर दिवसभर एकाच फरशीवर उभा होतो. ठरवलेलं या पायांना चालत नाही. मग ठरवणं सोडलं की पुन्हा सुरू. आपली कुणी वाट बघत नाही हे सगळ्यात मोठं सुख, असं तुला लिहिलं होतं. ते खोडून टाक. डाव्या बुटाची टाच झिजून आता खालची फरशी पायाला लागते. हे बूट संपले की काय होणार ते माहीत नाही, कारण चालण्यापलीकडे माझं काही उरलेलं नाही.

निळ्या दारावरूनही जातो. ती बाई पाठमोरी बसलेली असते. माझी ओढ ऐकते, तो नव्हे असं कळतं, आणि विणत राहते. तिच्या शेजारची खुर्ची ओढलेलीच आहे.

तू काळजी करशील म्हणून लिहिणार नव्हतो, पण ठरवलं नाही म्हणून लिहून झालं. लोभ असू दे ताई. या वेळी दरवाजा उघडा ठेव.

तुझा भिंगऱ्या

७ ऑगस्ट

चि. भिंगऱ्यास,
अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला ठरवून येता येत नाही. मला ठरवल्याशिवाय काही करता येत नाही. तेव्हा मीच येते.

आज तो न्हाणीघरात गेला तेव्हा खाटेखालचे बूट काढून आणले. त्यानं आरडाओरडा केला नाही. वीज गेल्यावर मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या लिफ्टसारखा खाटेवर बसून आहे. हे म्हणाले दमला असेल. त्याच्यापुढे वरणभाताचं ताट ठेवलं. तुझा चेहरा आहे रे त्याला, उपाशी कसं ठेवू?

हे बूट त्या निळ्या दाराशी न चुकता जातात, तू उजवीकडे जा म्हण की डावीकडे. म्हणजे वाट विचारायला नको. मी जन्मात गिरणीच्या पलीकडे कामाशिवाय गेलेली नाही, आणि आताही कामासाठीच निघाले आहे. त्या बाईच्या भावाचे बूट तिच्या दारात नेऊन ठेवायचे, आणि तिथेच बसून तुझी वाट बघायची. तू रोज त्या दारावरून जातोस. ठरवून थांबू नकोस, नुसता येत राहा. तुझं पाऊल मला पाठमोरी बसूनही कळेल. टाच पुरती झिजण्याआधी मी तुला दारात धरीन आणि हाताला धरून आणीन. लहानपणी शाळेतून आणत होते, तशी.

शेजारणीचे ब्लाउज शिवून घडी घालून ठेवले आहेत. यांच्यासाठी दूध तापवून ठेवलंय, आणि चिठ्ठी लिहिली आहे की भावाला आणायला जाते. वरती बघतील आणि हसतील.

माझे पाय किती लहान ते तुला माहीत आहे. वहाण घ्यायची तर मुलींच्या मापाची लागते. म्हणून बोटांकडे कोंबायला ब्लाउजच्या चिंध्या काढून ठेवल्या आहेत. आता बूट घालते आणि पत्र पेटीत टाकून तशीच पुढे जाते.

लोभ घेऊन येते आहे. जिथे आहेस तिथे फिरत राहा.

तुझी ताई

ता. क. चिंध्या लागल्या नाहीत.